मुळाचं लुगडं

"हे लुगडं कुणाचं गं, मुक्ता?"

गोजरबाईनं विचारलं ते अगदी सहज. पण उंबऱ्याशी सुपारी कातरत बसलेल्या भावजयीचा अडकित्ता जागच्या जागी थांबला, आणि तिनं मान काही वर केली नाही...

केराचं, म्हणजे मुक्ताबाईच्या थोरल्या लेकीचं लग्न आठ दिवसांवर आलं होतं, आणि झोपायच्या खोलीतलं कपाट आवरायला गोजरबाई सकाळपासून बसली होती. बसली होती म्हणजे बसवली होती. कष्टाचं काही निघालं की नणंदेला हाक मारायची, हा या घराचा चौदा वर्षांचा शिरस्ता! जमिनीवर लुगड्यांचे ढीग पडले होते, नेसायची वेगळी, आहेरात द्यायची वेगळी. शेजारच्या वीरभद्रप्पांच्या घरून आलेला आहेर चुकून त्यांच्याच घरी परत गेला, तर साऱ्या सोलापुरात शोभा व्हायची. कोणतं वस्त्र कुणी, कोणत्या कार्याला दिलं, हे एकट्या गोजरबाईच्या ध्यानात असे. तिला स्वतःला कुणी काय दिलं, हे मात्र ध्यानात ठेवण्याजोगं फारसं नव्हतंच.

आणि आज सगळ्यांत खालच्या कप्प्यात, जुन्या धोतरात गुंडाळलेलं हे हिरवं लुगडं... याचा देणारा काही केल्या तिला आठवेना.

तिनं ते उलगडलं. आतून चोळीचा खण निघाला, हळदीकुंकवाची पुडी निघाली. वर्षानुवर्षं घडी न मोडलेलं ते लुगडं घडीवरच चरचरत फाटलं.

लुगडं, खण, हळदकुंकू... माहेरी आलेल्या सुवासिनीला न्यायला सासरचं माणूस मूळ म्हणून येतं, ते हेच घेऊन येतं!

"मुक्ता," तिचा आवाज तिलाच परका वाटला, "केमहून मूळ आलं हुतं?"

चौदा वर्षांपूर्वी मुक्ताबाईच्या पहिल्या बाळंतपणाला, तिला आई नव्हती म्हणून, गोजरबाई सासरहून, केमहून, इथं भावाच्या घरी आली होती. ऐन सुगीत बायको घर सोडून जाते म्हणून तिचा नवरा महिपती रागावला होता. मूळ आल्याशिवाय परतायचं नाही ही रीत. म्हणून ती वाट पाहत राहिली. दोन महिने, सहा महिने, दोन वर्षं... मग बातमी आली, महिपतीनं दुसरी केली. त्या दिवशीही तिनं भावाच्या पोरांना वेळेवर जेवू घातलं होतं, आणि आपल्याच अभागी कपाळाला बोल लावून ती या घरात राबत राहिली होती.

मुक्ताबाईच्या डोळ्यांना धारा लागल्या.

"सोता दाजीच आलं हुतं, वन्सं... तुमी अक्कलकोटला गेला हुता."

अक्कलकोटला! हिचा बाळंतज्वर उतरावा म्हणून, स्वामींपुढे पदर पसरायला ती उपाशीपोटी गेली होती.

"मी अंथरुणात, पोर तान्हं... तुमी गेला असता तर आमी काय केलं असतं? म्हणून ह्यांनी..."

तिला पुढं बोलावं लागलं नाही. दुपारच्या सुट्टीत गिरणीतून घरी आलेला गोजरबाईचा भाऊ जोतीराम दारात उभा होता. फाटलेलं लुगडं पाहून तो भिंतीशी मटकन खाली बसला.

"मी सांगितलं दाजींना, आक्का," तो म्हणाला. "आक्का नांदायला यायची न्हाय म्हणती, असं सांगितलं."

"माज्या तोंडचं म्हणून?"

"व्हय."

"मग ते काय म्हणाले?"

"काय बी न्हाय. लुगडं हितं ठेवलं आन गेले."

"जेवले हुते का?"

जोतीरामनं मान खाली घातली. "पाणी बी घेतलं न्हाय."

तेव्हा मात्र गोजरबाईला हुंदका आवरला नाही. नवऱ्यानं टाकलं, हे दुःख तिनं कधीच पचवलं होतं. पण तो बिचारा चौदा वर्षं, बायकोनंच आपल्याला नाकारलं असं समजून जगत होता! आणि ज्यांच्यासाठी तिनं हाडं झिजवली, त्यांनीच तिच्या तोंडी ते निष्ठुर शब्द घातले होते.

मुक्ताबाई तिच्या पायांवर कोसळली. "तुमचं सौभाग्याचं लेणं, वन्सं... मला नेसवलं न्हाय, टाकवलं बी न्हाय..."

गोजरबाईनं पाय मागे घेतले आणि ती उठली.

"दुपारची गाडी हाय. मी केमला चालले."

"तितं आता तुजं काय ऱ्हायलंय, आक्का? त्यांची बायको हाय, पोरं हायत."

"राहायला न्हाय चालले. तिचा संसार तिला लखलाभ. मी न्हाय म्हणाले नव्हते, येवढंच त्यास्नी कळलं पायजे."

"पण लगीन आठ दिवसांवर..." मुक्ताबाई बोलून गेली, आणि लगेच तिनं पदर तोंडात कोंबला.

जोतीराम भिंतीला धरून उठला.

"मी येतो संगं. मीच सांगतो."

"त्यांच्या बायकोपोरांदेखत सांगशील?"

"सांगतो."

सात रस्त्याचा चौक ओलांडून स्टेशन येईपर्यंत तो बहिणीच्या एक पाऊल मागं चालत होता. एकदाच त्याचा कंठ फुटला. "आक्का, मला माफी हाय का गं?"

"आदी त्यांच्या पाया पड," ती मागं न बघता म्हणाली. "माजं मग बघू."

तिकिटाच्या खिडकीपाशी त्यानं वळून भीत भीत विचारलं, "परतीची बी काढू का?"

"तुजं काढ. माजं फुडं मी बघीन."

जोतीराम पैसे मुठीत धरून तसाच उभा राहिला. मागच्या माणसानं हटकलं, तेव्हा खिडकीत वाकून त्यानं केमची तिकिटं मागितली. जायची दोन, यायचं एक.