कात्रीचा हितसंबंध

एकाच जाडजूड खंडाला दोघांचे हात एकदम लागले. विद्यापीठाच्या वाचनालयातल्या जुन्या वर्तमानपत्रांचा खंड तो. धुळीनं तिला सटासट तीन शिंका आल्या.

“घ्या, शिंकांचा मान मोठा,” तो हसला.

“घेतेच! पाचच्या आत पुरावा हवाय. आई इथली कुलगुरू होती. तिच्यावर मी ऑनलाइन विश्वकोशात लेख लिहिला, तर ‘कात्री’ नावाच्या कुणा उपटसुंभानं तो काढायचा प्रस्ताव मांडलाय. म्हणे, नुसतं पद पुरत नाही. बाहेरच्यांनी सविस्तर लिहिलेले दोन संदर्भ द्या. एकच सापडलाय.”

तो कानापर्यंत लाल झाला.

“तो उपटसुंभ... मीच. म्हटलं, कापण्याआधी स्वतः शोधून बघावं.”

मग तिनं खंड त्याच्यापुढे सरकवला. “मग बघताय काय? पानं उलटा!”

पेशानं तो मुद्रितशोधक. ओळीखालून बोट असं हलकं फिरवायचा, की ती बातम्या सोडून बोटच बघत राहिली.

“एक विचारू?” मान खाली घालूनच तो म्हणाला. “पहिल्या ओळीत ‘माजी कुलगुरू आहेत’ असं आहे... खाली निधनाची तारीख आहे.”

“मग दुरुस्त का नाही केलंत?”

“हात धजला नाही.”

तिनं पान उलटलं. जरा जास्तच सावकाश.

“सापडलं!” तो ओरडला. अग्रलेख: ‘कुलगुरूंचा हेकटपणा’. वाचनालय बाहेरच्यांनाही खुलं केलं, म्हणून संपादकांनी आईला अर्धं पान झोडपलं होतं.

“हे चालेल?”

“पळेल! स्तुती काय, घरचेही करतात. शिव्या मात्र अस्सल बाहेरच्या.”

आई गेल्यापासून पहिल्यांदाच ती खळखळून हसली. ग्रंथपालबाईंनी चष्म्यावरून डोळे वटारले.

तिनं लॅपटॉप उघडून लेखाला संदर्भ जोडला. मग पहिल्या ओळीत स्वतःच्या हातानं लिहिलं: ‘होत्या’.

“आता तुमचं मत द्या.”

“नाही देता येणार. हितसंबंध असेल त्यानं बाजूला व्हावं, असा नियम आहे. सकाळी नव्हता... आता आहे.”

पडद्यावर इतरांची मतं उमटत होती: ठेवा, ठेवा, ठेवा. पाचला निकाल लागला. लेख राहिला.

तिनं डोळे पुसले आणि भुवई उंचावली. “हितसंबंधाचा दावा केलात. संदर्भ?”

“दोन लागतात. एक मी दिला... दुसरा तुमच्याकडून हवा.”

धुळीनं माखलेला हात तिनं त्याच्या हातात दिला.

“ठेवा.”