खोडलेल्या घराची पाळी

सकाळची भांडी घासून झाली की आक्का ओले हात झटकत गावातून एक चक्कर मारायची. काठी कुणाच्या दारात आहे ते बघायला.

काठी म्हणजे जंगलाची काठी. जंगल सरकारचं, पण राखायचं गावाने आणि वनखात्याने मिळून, असा कागद झाला होता. त्या समितीची अध्यक्ष आक्का. कागदाचं कागदापाशी, गावाची खरी रीत काठीची. सकाळी ज्या घराच्या दाराला काठी टेकलेली, त्या घरातल्या एकाने त्या दिवशी जंगलाची फेरी करायची. आत शिरताना हद्दीच्या दगडावर काठीचे तीन ठोके, बाहेर पडताना तीन. संध्याकाळी काठी पुढच्या घराच्या दाराला टेकवून मुकाट घरी यायचं.

ठोक्यांवरून माणूस कळायचा. आक्काचा मुलगा तीनही ठोके एका दमात हाणायचा. आक्का त्याला म्हणायची, "मेल्या, दगड आहे तो. दार ठोठावल्यासारखं काय करतोस?" तो हसायचा. "उघडलं तर बघ ना आई!"

आणि आक्काचा दीर... तो डावखुरा. दोन ठोके मारायचा, थांबायचा, झाडांकडे बघायचा, मग तिसरा. टक टक... टक.

सात वर्षांपूर्वी चोरटे तोडत असलेलं झाड अडवायला तो एकटा पुढे झाला आणि ते झाड त्याच्यावरच आलं. बायको नाही, पोर नाही. घराला कुलूप लागलं. पण गावाने त्याची पाळी मोडली नाही. त्याच्या पाळीला काठी दिवसभर त्या बंद दाराला टेकलेली असायची आणि त्या दिवशी जंगलात कुणीही पाऊल टाकायचं नाही. वाळकी काटकीसुद्धा आणायची नाही. कुणी ठरवलं, कधी ठरवलं, विचारू नका. शहाण्या माणसांना काही गोष्टी ठरवाव्या लागत नाहीत.

यंदा वनखात्याचा नवा गार्ड आला. पोरगा भला, पण अक्षर जितकं सरळ तितकंच डोकं. त्याने पाळीची यादी करायला घेतली.

"आक्का, या घरात कोण राहतं?"

"कुणी नाही."

"मग पाळी कशी लावायची? मेलेल्या माणसाची सही कोण करणार? शिवाय तेवढा एक दिवस जंगल उघडं पडतं. चोरांना कळायला वेळ नाही लागत."

बोलणं खोटं नव्हतं. आक्का म्हणाली, "खोडा." गार्डने पट्टी लावून रेघ मारली. यादी आक्काच्या स्वयंपाकघरात खिळ्याला लटकली.

त्यानंतर पंधरा दिवसांत तिसऱ्यांदा, आज काठी त्या बंद दाराला टेकलेली होती.

आधीच्या दोन वेळा आक्काने टवाळ पोरांना शिव्या घालून काठी उचलली होती. आज तिने खाली पाहिलं. उंबऱ्यापुढे धुळीचा जाड थर. त्यात काठीच्या टोकाचा गोल ठसा, एकच. पाऊल एकही नाही. तिने हात मागे घेतला.

गार्ड सायकल ढकलत आला. चेहरा उतरलेला.

"आक्का, आतल्या पट्ट्यातली तीन जुनी झाडं गेली. तीनही वेळा म्हातारी, थकली माणसं पाळीवर होती, फेरी अर्ध्यातून परतणारी. चोरांना पाळी आधी कळते. कुणीतरी आतला माणूस आहे. आज रेंज ऑफिसातून जीप मागवलीय. सापडला, की मी कुणाचं ऐकायचा नाही."

आक्का "हं" म्हणाली. पण यादी तिच्या खिळ्यावर होती. मुलाचे शर्ट धुताना कफमधून पिवळा भुसा निघत होता, त्याला ओल्या लाकडाचा वास होता, आणि ती आई आठवडाभर स्वतःला सांगत होती की सुताराकडे बसतो, लागला असेल. आज सकाळी तो बाजारात जातो म्हणून गेला. पिशवी मात्र घरीच होती.

"आज पाळी कुणाची?" गार्डने विचारलं.

"काठी इथे आहे म्हणजे... कुणीच गेलेलं नाही."

तेवढ्यात जंगलाच्या बाजूने आवाज आला.

टक टक...

गार्डने मान वळवली. आक्काने डोळे मिटले.

...टक.

"कुणीतरी गेलंय की," गार्ड म्हणाला.

आक्काने दाराकडे पाहिलं. काठी तिथे नव्हती.

"जीप येईपर्यंत तुम्ही रस्त्यावर थांबा," ती म्हणाली. आवाज तिचा तिलाच परका वाटला. "मी माझ्या लेकराला घेऊन येते."

बारा वाजत आले होते. डोक्यावर ऊन, पण झाडांखाली शिरताच ते मागेच राहिलं. पाखरू नाही, किडा नाही. स्वतःच्या चपलांचा आवाज नको वाटून तिने त्या काढून हातात घेतल्या. पुढे पुढे ओल्या लाकडाचा वास घशात बसायला लागला, गोड आणि कच्चा. ती पुटपुटत होती, "भाऊजी, पोर चुकलं. माझं आहे ते. खोडा मीच म्हटलं, त्याला काही करू नका... भाऊजी..."

आतल्या पट्ट्यात एका जुन्या झाडाच्या बुंध्यात करवत अर्धी घुसलेली होती. पातं अजून थरथरत होतं. आजूबाजूला चपला, एक दोर, पेटलेली विडी. माणसं जशी होती तशी पळालेली.

मुलगा बुंध्याशी बसला होता. धड, अंगावर ओरखडा नाही. मांडीवर काठी आडवी.

आक्काने त्याचं तोंड चाचपलं, दोन थपडा दिल्या, मग छातीशी धरलं. "कुणी दिसलं का रे? काय झालं?"

तो झाडाकडे बघत होता, आपलं माणूस आजारी असावं तसा. मग उठला आणि तिच्या मागे चालू लागला.

हद्दीच्या दगडापाशी तो थांबला. काठी डाव्या हातात घेतली. टक टक. झाडांकडे पाहिलं. टक.

"नकला करू नकोस," आक्का म्हणाली.

घरी येऊन त्याने काठी कोपऱ्यात उभी केली, उंबऱ्याशी बसला, चेहऱ्यावरचा घाम डाव्या हाताने निपटला आणि कितीतरी वर्षांनी घरी आल्यासारखा सगळीकडे बघून मऊ आवाजात म्हणाला,

"पाणी दे ना, वहिनी."

तांब्या आक्काच्या हातातून पडला नाही. तिने पाणी दिलं.

दिवस कलताना गार्ड आला. करवत सापडली होती, चोर नाही. दारात बसलेल्या मुलाला पाहून त्याने सुटकेचा निःश्वास टाकला. "बरं झालं आक्का, हा सुखरूप घरी आला."

"गार्डसाहेब," आक्का म्हणाली, "ते खोडलेलं घर यादीत परत घाला. आत्ता."

त्याने तिच्याकडे नीट पाहिलं, वाद घातला नाही. खिळ्यावरची यादी काढली, पेन उघडलं. "घालतो. पण कुणाच्या नावाने?"

आक्काने मागे वळून पाहिलं. उंबऱ्यावरचा मान वर करून तिच्याकडेच बघत होता. काठी कोपऱ्यात होती. गावात तशी दुसरी काठी नव्हती.

आणि जंगलातून, हद्दीच्या दगडाकडून ठोके आले. एका दमात तीन. मग पुन्हा तीन. मग थांबेनातच, आतून कुणी दार ठोठावत असावं तसे.