गाडी लावून येतोय

ही गोष्ट खरी आहे. माझ्याच बाबतीत घडलेली आहे, कोणाच्या मावशीच्या दिराने ऐकलेली नाही. विश्वास ठेवा म्हणून मी कोणाच्या हातापाया पडणार नाही. पण खोटं बोलायचं माझं वय आता राहिलेलं नाही.

एकदा बोलले. त्याचंच हे सगळं झालं...

माझं नाव डोरीन. इंग्लंडातल्या श्रॉपशरमध्ये, लडलोच्या अलीकडे एका लहानशा गावात राहते. तिथून तासाभराच्या अंतरावर एका जुन्या जहागिरदाराचा बंगला आहे. नाव मुद्दाम बदलून सांगते, वेन्स्लो हॉल समजा. बंगला बंदच असतो. पण त्याच्यामागे उंच विटांच्या भिंतींनी चारी बाजूंनी बंद केलेली भाजीपाल्याची आणि फळांची बाग आहे, दोनशे वर्षांपूर्वीची. उन्हाळाभर दर रविवारी ती लोकांना बघायला खुली असते. ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी मोसम संपतो. मग दार बंद होतं ते थेट वसंतात उघडतं.

त्या शेवटच्या रविवारी मी आणि क्लिफ दरवर्षी जायचो. क्लिफ म्हणजे माझा नवरा. बुटका, गोल, आणि तोंडाला खीळ म्हणून नाही. नासपतीच्या झाडांसमोर उभा राहून तो वाटेतल्या कोणालाही धरून माहिती द्यायचा. मी म्हणायचे, "हळू बोल, भिंतींना कान असतात." तो म्हणायचा, "असू देत की. बिचाऱ्यांना दुसरं ऐकायला आहे काय?"

फेब्रुवारीत तो गेला.

आमच्याकडे नवरा गेल्याचं सांगितलं की समोरच्याचा चेहरा पडतो. तो 'सॉरी' म्हणतो. मग त्याला अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून आपणच हसायचं, आपणच हवापाण्याचं काहीतरी काढायचं. म्हणजे सांत्वनही उलट आपणच करायचं. बेकरीत, लायब्ररीत, दातांच्या डॉक्टरकडे, सगळीकडे मी हेच करत होते. त्याचा मला वीट आला होता. आणि घरी आल्यावर तर बोलायलाच कोणी नव्हतं. कधीकधी दोनदोन दिवस माझा आवाज माझ्या कानावर पडायचा नाही.

यंदाच्या शेवटच्या रविवारी मी एकटीच बागेत गेले. घरात बसवेना म्हणून.

बागेच्या दाराशी तिकिटं द्यायला पॅम नावाची बाई होती. नवीन असावी, मी तिला आधी पाहिलेलं नव्हतं. हसतमुख, गप्पिष्ट. माझ्यामागे रांग होती.

"एकच, की मिस्टर आहेत मागे?" तिने सहज विचारलं.

"गाडी लावून येतोय," मी म्हणाले.

का म्हणाले, देव जाणे. तोंडातून निघून गेलं. आणि खरं सांगू का... बरं वाटलं. मला फार बरं वाटलं. त्या एका क्षणापुरता क्लिफ मेलेला नव्हता, नुसता गाडी लावत होता.

पॅमने दोन तिकिटं फाडली. आता नको कसं म्हणणार? मी गुपचूप दोघांचे पैसे दिले.

"ओळखू कसे त्यांना? म्हणजे दारात अडवायला नको."

"एकटाच असेल तो," मी म्हणाले.

"मग सोडते आत," ती म्हणाली.

आत पाऊल टाकलं आणि वारा थांबला. तिथे नेहमीच तसं होतं, भिंती वारा अडवतात. विटा उन्हाने कोमट झालेल्या असतात. भिंतीला फांद्या बांधून सपाट वाढवलेली नासपतीची झाडं फळांनी लगडलेली होती. मधल्या हौदापाशी एक म्हातारं जोडपं भांडत होतं, सँडविच कोणी विसरलं यावरून. मी त्यांच्याकडे बघत राहिले. मला त्यांचा हेवा वाटला.

मग मी दक्षिणेच्या वाटेने निघाले. वाटेवर बारीक खडी होती, माझ्या पायाखाली करकरत होती.

थोड्या वेळाने लक्षात आलं...

झाडांच्या पलीकडच्या वाटेवरही खडी करकरत होती.

मी थांबले. तो आवाजही थांबला.

असेल कोणीतरी, मी म्हटलं. बागेत माणसं असतातच.

काचघराशेजारी चहाचं टेबल मांडलं होतं. मी रांगेत पुढे गेले, तर तिथल्या बाईने विचारायच्या आधीच माझ्यापुढे ट्रे सरकवला. त्यात दोन कप होते.

मी म्हटलं, माझा एकच.

"अहो, तुमचे मिस्टर आत्ताच सांगून गेले ना. लाल कोटातल्या बाई येतील, त्यांना दोन चहा द्या म्हणून."

बागेत लाल कोट माझ्याच अंगावर होता.

मला घाबरायला हवं होतं. मी घाबरले नाही. मी ट्रे घेऊन भिंतीजवळच्या बाकावर बसले, एक कप माझ्यासमोर ठेवला, दुसरा बाजूला. आणि चक्क वाट बघत बसले. हसा हवं तर. माझ्या जागी असता तर तुम्हीही बसला असता.

कोणी आलं नाही. समोर एक पिकलेली नासपती धप्पकन पडली, म्हणून मी तिकडे पाहिलं. पुन्हा इकडे पाहिलं...

बाजूचा कप रिकामा होता.

आणि बशीत उलटा घातलेला होता.

आता पुरे, आणखी नको, असं सांगायची ती जुनी तऱ्हा आहे. माझे आजोबा तसं करायचे. हल्ली कोणी करत नाही. क्लिफने तर जन्मात कधी केलं नाही. पहिला कप संपायच्या आत तो दुसरा मागायचा.

मनात कुठेतरी खुट्ट झालं. पण मी ते दाबून टाकलं. आशा वाईट असते.

मी उठले आणि शोधायला लागले. उघड उघड. प्रत्येक वळणावर मान वळवून बघत होते. कोपऱ्यात बेडोज नावाचे म्हातारे माळी पानं गोळा करत होते. ते आम्हाला नुसतं बघून ओळखायचे, पण त्यांची नजर आता पार अधू झालेली. मी काही विचारायच्या आतच ते म्हणाले की मिस्टर उत्तरेच्या भिंतीकडे आहेत, माळ्यांच्या खोल्यांपाशी.

त्या खोल्या भिंतीला बाहेरून चिकटून आहेत. तिकडे ऊन कधीच पोचत नाही. पूर्वी तिथे फक्त बिनलग्नाच्या माळ्यांना ठेवायचे. लग्न केलं की नोकरी गेली, असा नियमच होता. कडाक्याच्या थंडीत रात्रभर जागून भिंतीतल्या भट्ट्यांमध्ये कोळसा घालायचा, म्हणजे आतल्या बाजूच्या पीचच्या मोहोराला ऊब मिळायची. क्लिफ दरवर्षी तिथे थांबून म्हणायचा, झाडाला शेक आणि माणसाला उपास.

मी बेडोजना विचारलं, "काय करतायत ते तिकडे?"

"दाराशी उभे आहेत. म्हटलं, खोल्यांना कुलूप असतं. तर म्हणाले, माहीत आहे." बेडोज दंताळ्यावर रेलले. "फार बोलत नाहीत, नाही का?"

क्लिफ, आणि फार बोलत नाही?

"आणखी काय म्हणाले?" माझा आवाज मलाच वेगळा लागला.

"म्हणाले, बायको आलीय न्यायला. एवढा उंच बाप्या, पण अगदी पोरासारखा खुलला होता हो. मला दिसत नाही नीट, पण आवाजावरून कळतं."

उंच.

क्लिफ माझ्या खांद्यापर्यंत यायचा.

तरीही मी गेले. खोल्यांची ओळ सावलीत होती, दारांना कुलपं होती. बागेतले सगळे आवाज भिंतीपलीकडे राहिले होते. पाखरूसुद्धा नव्हतं.

"क्लिफ?" मी हाक मारली.

कोपऱ्यामागे खडी करकरली...

एक पाऊल. मग आणखी एक. सावकाश, जड बुटांचं.

"क्लिफ, तू आहेस का रे?"

पावलं थांबली. कोणीतरी तिथे उभं होतं, हाताच्या अंतरावर, कोपऱ्याच्या पलीकडे. मी वाट बघितली. क्लिफ असता तर एव्हाना त्याची दहा वाक्यं बोलून झाली असती. कुठे होतीस, चहा पाणचट होता, बेडोजने कसली छाटणी केलीय बघ.

पलीकडून काहीच आलं नाही. नुसतं गप्प उभं राहणं. वाट बघायची सवय असलेल्या माणसाचं.

मला आधी भीती नाही वाटली. आधी फार वाईट वाटलं. तो क्लिफ नव्हता. क्लिफ आलाच नव्हता. तो येणारच नव्हता. फेब्रुवारीपासून जे रडू आलं नव्हतं ते तिथे आलं, त्या बंद दारांसमोर.

भीती नंतर वाटली. कोपऱ्यामागून एक सुस्कारा ऐकू आला तेव्हा. मला रडताना ऐकून कोणीतरी हळहळलं होतं...

मी पळाले. या वयात जेवढं पळता येतं तेवढं.

दाराशी बाग बंद व्हायची घंटा वाजत होती. माणसं बाहेर पडत होती. पॅम प्रत्येकाला निरोप देत होती. मला बघून तिचा चेहरा खुलला.

"मिस्टर गेले पुढे, गाडीकडे. तुम्हाला सांगायला सांगितलंय," ती म्हणाली. "काळजी घेणारे आहेत हो. भाग्यवान आहात."

इथे मला एक वाक्य बोलायचं होतं. माझा नवरा फेब्रुवारीत वारला. बस, एवढंच. ते बोलले असते तर जे कोणी माझ्यामागे निघालं होतं ते तिथल्या तिथे थांबलं असतं, असं मला आजही वाटतं. त्याला आत यायची परवानगी माझ्या खोट्यावर मिळाली होती. खरं बोलले असते तर ती गेली असती.

मी तोंड उघडलं.

पण मागे रांग होती. मी दोन तिकिटं घेतलेली होती. पॅमचा चेहरा पडला असता, सगळे माझ्याकडे बघायला लागले असते, वेडी समजले असते. आणि आम्ही माणसं अशी की मेलो तरी चालेल, पण चारचौघांत तमाशा नको.

"थँक यू," मी म्हणाले. हसून म्हणाले.

गाडीत कोणी नव्हतं. मी मागची सीटसुद्धा वाकून बघितली. मग आत बसले, दारं लॉक केली, गाडी सुरू केली.

टिंग...

टिंग...

टिंग...

शेजारच्या सीटवर कोणी बसलं आणि पट्टा लावला नाही, की माझ्या गाडीत घंटी वाजते. वजनावर चालते ती. रिकाम्या सीटला वाजत नाही.

मी समोर बघत राहिले. घंटी वाजत राहिली. शेवटी मी हात लांब केला, पट्टा ओढला आणि रिकाम्या सीटवरून आडवा घेऊन लावला.

घंटी थांबली.

पट्टा नीट बसला नव्हता. सीटपासून जरा वर राहिला होता, फुगून.

घरापर्यंत कशी आले, मला आठवत नाही.

आता डिसेंबर लागला आहे. तुम्ही विचाराल, मग पुढे काय? पुढे काहीच नाही. वस्तू पडत नाहीत, किंचाळ्या येत नाहीत. फक्त बैठकीच्या खोलीतली शेकोटी आता विझत नाही. रात्री मी राखेचा ढीग सोडून झोपायला जाते, सकाळी खाली येते तर निखारे फुललेले असतात. कोळशाची बादली भरलेली असते. आठ महिने हे घर बर्फासारखं गार होतं. आता खाली उतरताना जिन्यापर्यंत ऊब येते.

शेजारच्या ग्लेनिसने एकदा विचारलं, तुझ्याकडे कोणी पाहुणे आहेत का, रात्री खिडकीत उभे दिसतात. मी म्हटलं, पडद्याची सावली असेल. तिने मान हलवली. मग म्हणाली की तिला भीती नाही वाटली, उलट दया आली, इतकं ते एकटं वाटत होतं.

गेल्या रविवारी माझ्या मुलीचा फोन आला. ज्युली, ब्रिस्टलला असते. ती म्हणाली, ख्रिसमसला इकडेच ये, चांगली महिनाभर राहा. क्लिफ गेल्यापासून मी याच बोलावण्याची वाट बघत होते. आणि माझ्या तोंडून काय निघावं?

"नाही गं जमणार. घरी एकट्याला कसं टाकून येऊ?"

"कोणाला?" ज्युलीने विचारलं.

पुन्हा तीच वेळ. पुन्हा मला खरं बोलता आलं असतं.

"मांजर पाळलंय," मी म्हणाले.

ज्युली खूश झाली. बरं झालं मम्मी, घरात कोणीतरी हवंच होतं तुला, म्हणाली. मग हसत विचारलं, "नाव काय ठेवलंस?"

बैठकीच्या खोलीत कोणीतरी कोळसा सारत होतं. तो आवाज थांबला...

एकदम शांत झालं. तोही ऐकत होता.

ठेवलं नाही अजून, असं सांगून मी फोन ठेवला. त्या दिवसापासून रोज संध्याकाळी शेकोटीजवळ तशीच शांतता होते. कोणीतरी वाट बघत असतं. मला त्याचा राग येत नाही, हेच खरं तर मला खातं. घर उबदार आहे, आणि एखाद्या संध्याकाळी मला कोणालातरी हाक मारावीशी वाटते.

पण माझ्या जिभेवर एकच नाव येतं. ते मी कोणाला देणार नाही, असं रोज स्वतःला बजावते.