रिकाम्या घराची यादी

घर भाड्याने द्यायचं ठरलं तेव्हा एजंटाने पहिला प्रश्न विचारला, सामानासह की सामानाशिवाय? मी म्हणालो, घर तेच आहे, फरक काय पडतो? त्याने समजावलं. सामानासह दिलं तर भाडेकरू लवकर मिळतो, पण एका बॅगेवर येतो आणि एका बॅगेवर जातो. सामानाशिवाय दिलं तर थांबावं लागतं, पण स्वतःचा संसार घेऊन आलेला माणूस सहसा हलत नाही.

बायको जाऊन आठ महिने झाले होते. मी मुलीकडे राहत होतो, घर बंद होतं. आधी मी सामानासह म्हणालो, कारण सामान विकायचा धीर नव्हता. एजंट वही घेऊन आला. मी खोल्यांमधून फिरत सांगत गेलो, तो लिहीत गेला. सोफा, जेवणाचं टेबल, चार खुर्च्या, कपाट, पलंग. यादी टाइप होऊन आली त्याच दिवशी मुलगी म्हणाली, "बाबा, आईच्या पलंगावर कोणीतरी परकं झोपणार?"

मला ते सुचलंच नव्हतं. त्याच आठवड्यात जुन्या फर्निचरचा दुकानदार टेम्पो घेऊन आला. कपाट जिन्यावरून उतरवताना खालची बाजू मी स्वतः धरली. सगळं गेल्यावर घर झाडून घेतलं, तेव्हा माझा खोकला चारही भिंतींवरून परत आला.

लग्नानंतर घरातली साधी खुर्चीसुद्धा मी तिला विचारल्याशिवाय हलवली नव्हती. आता अख्खं घर तिला न विचारता रिकामं केलं. बरोबर केलं की चूक, एवढंच मला कळायला हवं होतं. पण विचारणार कुणाला?

भाडेकरू मिळाली ती शाळेत शिक्षिका होती. सोबत म्हातारी आई. एजंटाची एक पद्धत होती. घरात काय काय आहे त्याची यादी तो भाडेकरूला द्यायचा. भाडेकरूने आठ दिवसांत एकेक वस्तू बघून पुढे शेरा लिहायचा, म्हणजे घर सोडताना वाद नको. आमच्या यादीत आता पंखे, दिवे आणि नळ एवढंच यायला हवं होतं. पण गडबडीत त्याने तिला जुनीच यादी दिली.

ती भरून परत आली.

अक्षर सुंदर होतं. प्रत्येक ओळीपुढे बरोबरची खूण आणि शेरा. सोफा: मधोमध खचतो. टेबल: डुगडुगतं, एका पायाखाली पुठ्ठ्याची घडी आहे. कपाट: डावं दार गुडघ्याने ढकलल्याशिवाय लागत नाही. पलंग: वापरात.

मी एजंटाला फोन केला. आधी तो चुकीच्या यादीबद्दल ओशाळला, मग हसला. "काका, शिक्षिका आहेत त्या. गाळलेल्या जागा दिसल्या की भरणारच."

पुठ्ठ्याची घडी तिला कशी कळली, असं मी विचारलं. तो म्हणाला, कसला पुठ्ठा? टेबल जाऊन महिना झाल्यावर तर ती घर बघायला आली होती.

मी तीस वर्षं लिफ्ट दुरुस्त केल्या. लोक सांगतात तिथे बिघाड नसतो, पण कुठेतरी असतोच. म्हणून आधी दुकानदाराकडे गेलो. कपाट तिथेच उभं होतं, अजून विकलं गेलं नव्हतं. डावं दार लावून बघितलं. गुडघ्याने ढकलावं लागलं. म्हणजे कपाट इथे होतं, यात शंका नाही. मग तिने काय ढकललं?

रविवारी दुपारी मी घरी गेलो.

बाहेरच्या खोलीत दोन चटया, एक ट्रंक आणि वह्यांचा गठ्ठा होता. बाकी नुसती फरशी. म्हातारी भिंतीला टेकून बसली होती. मी तिला तब्येत विचारली आणि माझ्या लक्षात आलं की आवाज घुमला नाही. भरलेल्या खोलीत विरतो तसा विरला.

शिक्षिका चहा घेऊन आली. स्वयंपाकघरापासून माझ्यापर्यंत सरळ चार पावलं होती. ती भिंतीच्या कडेने आली, एका जागी अंग चोरून वळली, आणि मग माझ्याकडे आली.

मी विचारलं, असा वळसा का घातला?

"टेबल आहे ना मधे," ती म्हणाली. विसराळू झालेल्या माणसाशी बोलावं तशा मऊ आवाजात.

मी उठलो आणि त्या जागेवरून चालत गेलो. कशालाच लागलो नाही. पण दोघींनी माना खाली घातल्या, माझ्या हातून काही अशिष्ट घडल्यासारख्या.

क्षणभर मलाच कळेना. टेम्पो खरंच आला होता का? कपाटाचं वजन खांद्यावर घेतलं होतं, ते मीच का?

पलंग तुम्ही वापरता ना, मी विचारलं. तसं लिहिलंय.

ती म्हणाली, नाही, आम्ही दोघी इथेच चटईवर झोपतो.

आतल्या खोलीचं दार अर्धवट लोटलेलं होतं. मी तिकडे वळलो. ती पटकन मधे आली.

"हळू, काका. रात्रभर तळमळत असतात. आत्ता कुठे डोळा लागलाय."

म्हातारी समोर टक्क जागी बसली होती. तिनेही मान हलवली.

मी दाराकडे बघत उभा राहिलो. आत काहीच आवाज नव्हता.

"उठल्या की सांगू का, तुम्ही येऊन गेलात म्हणून?" शिक्षिकेने विचारलं.

"सांगा," मी म्हणालो. माझाही आवाज आपोआप खाली गेला होता. "फक्त सामान मी विकलं, हे बोलू नका."