धाकट्याच्या वाटणीचे शब्द

दुपारच्या शिफ्टला ती स्टुडिओत पोहोचली, पण जीव घरात अडकलेला होता. शाळेला सुट्टी असल्यामुळे मुलगी घरी एकटीच होती. 'चहा हवा तर कर, पण गॅसपासून हलू नकोस,' असं निघताना तिने पुन्हा पुन्हा बजावलं होतं. काम तसं तिच्या डाव्या हातचा मळ. एका कार्टून सिनेमातल्या राक्षसिणीला आवाज द्यायचा होता. राक्षसांची भाषा मात्र तिनेच सुचवली होती, लहानपणी तिने आणि धाकट्या भावाने चुलीपुढे बसून रचलेली.

त्या भाषेत आग म्हणजे 'सोरू'. आधी आकार सांगायचा, मग आग. 'घुरा' म्हणजे घराहून उंच, 'निमी' म्हणजे ओंजळीत मावेल एवढं. शब्दांची दोघांनी चक्क वाटणी केली होती. ती थोरली, म्हणून मोठाले शब्द तिचे आणि छोटे धाकट्याचे. दुसऱ्याच्या वाटणीचा शब्द आपल्या जिभेवर चढतच नाही, असा नियम. ती 'घुरा सोरू' ओरडली की चुलीतला जाळ उसळायचा, तो हळूच 'निमी' म्हणाला की खाली बसायचा. निदान दोघांना तरी तसं दिसायचं. पुढे आठव्या वर्षी तो तापाने गेला आणि ती भाषा तिच्या तोंडून पुन्हा निघाली नाही. आज निघणार होती. सकाळपासून तिला त्याची फार आठवण येत होती.

बूथचं जाड दार बंद झालं. स्पंजने मढवलेल्या त्या खोलीत स्वतःचा श्वाससुद्धा परका वाटत होता. काचेपलीकडे रेकॉर्डिस्ट बसला होता. कलाकारांच्या पोटातली गुरगुरही तो पकडायचा, म्हणून सगळे त्याला कानसेन म्हणत.

"घुरा सोरू!" तिने पहिला टेक दिला.

कानसेनच्या कपाळावर आठी पडली. "मॅडम, आत कुणी लहान मूल आहे का?"

"काहीतरीच काय! एकटीच तर आहे मी."

"मग हे ऐका."

हेडफोनमध्ये आधी तिची गर्जना आली. तिच्या मागोमाग, अगदी माइकपाशी, एक बारीक आवाज... "निमी."

हा आवाज ती कशी विसरेल? भीती वाटली, पण त्याहून जास्त वाटलं ते त्याला पुन्हा एकदा ऐकावंसं.

"अजून एक घेऊ," ती कशीबशी म्हणाली.

दुसऱ्या टेकलाही तेच. या वेळी तो धापा टाकत होता... "निमी, निमी..." बूथमध्ये ओल्या लाकडाच्या धुराचा वास भरून राहिला.

तेवढ्यात खिशातला फोन थरथरला. मुलगी होती.

"आई, गॅसची ज्योत आपोआप छतापर्यंत गेली गं... दोनदा! मग परत एवढीशी झाली."

"बंद कर आधी! आत्ताच्या आत्ता!"

"केला... बंद केला."

"आता घराबाहेर हो. मी आलेच."

फोन कानाला तसाच धरून तिने दाराचा दांडा ओढला. जड दार हलेना. स्पीकरमधून कानसेनचा खुशीतला आवाज आला, "मॅडम, चिंता नको. त्या पोराचा आवाज काढून टाकलाय. आता टेक एकदम स्वच्छ. ऐकवतो."

"नको! लावू नकोस... त्याला काढू नकोस!"

पण तिचा माइक त्याने केव्हाच बंद केला होता. काचेतून त्याला नुसते हलणारे ओठ दिसले. त्याने हसून मान डोलावली आणि बटण दाबलं.

"घुरा सोरू!" तिचाच आवाज खोलीभर घुमला.

ती कानांत प्राण आणून थांबली. मागोमाग काहीच आलं नाही. मग तिनेच 'निमी' म्हणायला तोंड उघडलं. जीभ टाळूला चिकटली, वळेचना.

फोनवर मुलगी अगदी हळू बोलली.

"आई... गॅस मी बंद केला होता ना?"