बनातीवरची वेलांटी

दुकानाच्या दारातच मण्यांची डबी उलटली. बाहेर थंडीचं धुकं असं, की आपलाच हात आपल्याला दिसू नये. त्यातून एक उंच गडी आत घुसला तो थेट कुन्नेयच्या अंगावर. निळे-पांढरे मणी फळ्यांच्या फटींत पळाले. दुसरा असता तर माफी मागून वाटेला लागला असता. हा मात्र, एरेल नाव त्याचं, गुडघे टेकून मणी वेचत बसला. पापण्यांवरचा बर्फ वितळून गालांवर ओघळत होता...

"रडताय की काय?" कुन्नेयने विचारलं.

"तुम्ही अशा बघताय म्हणून."

गोडबोल्यापासून चार हात लांब राहावं. पण ही अक्कल जीभ पोळल्यावरच येते.

आठवड्याने तो शहरातून पुन्हा आला, पणजीची कसरीने खाल्लेली झूल घेऊन. नवरीच्या घोड्यावर घालायची, लाल बनातीची, जाड लोकरी कापडाची. तशीच नवी हवी होती. आख्ख्या नदीकाठी ती हाताने भरणारी कुन्नेय एकटीच उरली होती. बाकीच्या बायका मशीनकडे वळल्या होत्या. लग्न उन्हाळ्याच्या सणाला, म्हणाला. कुणाचं ते त्याने सांगितलं नाही, हिने विचारलं नाही.

"मधे कुठली वेलांटी भरू?" एवढंच तिने विचारलं.

तो चहात दूध ओतत होता. "तुझ्या मनातली... तुझीच भर."

झुलीच्या मधोमध नवरीच्या आईकडची वेलांटी असते, म्हणजे त्या घराची वळणदार नक्षी. गावातल्या पोरीला 'तुझीच भर' म्हणणं म्हणजे मागणी घालणं. असलं काही दोनदा विचारायचं नसतं.

मग हिवाळाभर तो दर रविवारी यायचा. गोठलेल्या माशाचे पातळ काप करायचा, सुईत दोरा ओवून द्यायचा, बोटं लागली की लगेच काढायचा नाही. कुन्नेयने चंदेरी दोऱ्याने आपल्या आईची वेलांटी भरली.

जूनमध्ये, बर्फ वितळल्यावर, तो आला, तेव्हा बरोबर एक मुलगी होती.

"ही राइसा. झूल हिच्यासाठी," तो म्हणाला. खाली बघूनच म्हणाला.

पोरगी वाईट असती तर बरं झालं असतं. झुलीवरून हात फिरवत तिने विचारलं, "ताई, ही मधली वेलांटी कसली गं?"

"चुकलीय ती. तुझ्या आईकडची कशी, ते तिला फोन करून विचार."

राइसा अंगणात गेली. कुन्नेयने सुरी घेतली आणि टाके उसवता उसवता, 'तुझीच भर'चा अर्थ त्याला सांगितला.

एरेल शहरात वाढलेला, त्याला कोण सांगणार?

"मला माहीत नव्हतं... पण खोटंही नव्हतं ते. तू हो म्हण, कुन्नेय. मी तिला आत्ता सांगतो."

खिडकीबाहेर राइसा फोन कानाला लावून, आई सांगेल तशी वेलांटी बोटाने हवेत काढत होती.

"न कळता बोललास, ते मी भरलं," कुन्नेय म्हणाली. "आता कळून बोलतोयस, तर दोरा संपलाय."

सणाला राइसाचा घोडा मिरवला. सगळ्यांनी झुलीची तारीफ केली. तशी ती उन्हाकडे धरली, तर नव्या वेलांटीखाली जुन्या टाक्यांची भोकं दिसतात. पण घोड्याच्या पाठीवरची झूल उन्हाकडे कोण धरतो?