टॉवरखालच्या चपला

निपाणीहून निघताना मष्णूची चप्पल तुटली. त्याच्या आईनं, अक्काताईनं, दारातच हिरव्या दोऱ्यानं पट्टा शिवला आणि मला बजावलं, "सांजच्याला ह्येला माझ्या दारात आणून सोडा."

"मावशी, पोरगं टॉवरवर चढतंय, चंद्रावर न्हाय," मी म्हणालो.

मष्णू अनवाणीच चढतो. मी दिलेले बूट जीपमध्ये धूळ खात पडलेत. त्याचा नेम एकच: चपला टॉवरच्या पायाशी ठेवायच्या. चपला खाली, म्हणजे माणूस वर. त्या पायात गेल्याशिवाय फाटकाला कुलूप लावायचं नाही. मला त्याचं हसू यायचं.

माळावर दुपारचं वारं सुटलं होतं. खालच्या शिवारातून तंबाखूचा उग्र वास येत होता. तक्रार साधी होती, फोनवर आवाज तुटतो. वरच्या ॲंटेनाच्या एकाच डब्यात दोन अंगं असतात, एक डावीकडे कललेलं, एक उजवीकडे. फोन कसाही धरा, एकाला नाही तर दुसऱ्याला ऐकू येतं. त्यातलं कुठलं बहिरं झालंय, एवढंच बघायचं होतं: मी खालून एकेक बंद करायचं, मष्णूनं वरून फोन लावायचा. मष्णू चढला आणि प्लॅटफॉर्मच्या आड दिसेनासा झाला.

लॅपटॉपवरून मी उजवं अंग बंद केलं. मष्णूचा फोन आला.

"अण्णा, वारं लई हाय!" अर्धे शब्द वाऱ्यानंच खाल्ले.

मग डावं बंद करून उजवं चालू केलं. पुन्हा फोन आला. आवाज स्वच्छ होता. इतका स्वच्छ, की त्यात वारं नव्हतंच.

"अण्णा, खाली येऊ का?"

मी बसलो होतो त्या शेडचा पत्रा डोक्यावर वाऱ्यानं थडथडत होता. मनात काहीतरी खटकलं, पण काम झालं होतं.

"ये," मी म्हणालो, आणि दोन्ही अंगं चालू केली.

तो उतरला. माझ्याकडे न बघता तापलेल्या मुरमावरून सावकाश चालत गेला आणि जीपमध्ये बसला.

"चपला घाल की रं!"

"माझ्या न्हाईत त्या."

माझा फोन वाजला. नाव मष्णूचं. जीपमधल्या मष्णूचे दोन्ही हात मांडीवर होते, रिकामे.

"अण्णा, दुसरी बाजू बघायची हाय न्हवं? कवाधरनं फोन लावतोय, लागंना. हात भरून आल्यात." फोनमध्ये वारं घोंघावत होतं.

मी वळून टॉवरच्या पायाशी बघितलं. चपला तिथंच होत्या.

"मष्णू, चपलेला दोरा कुठला?"

"हिरवा. आयनं शिवला न्हाय का, तुमच्याम्होरंच?"

मागे जीपचा हॉर्न वाजला.

"चला की, अण्णा. सांजच्याला दारात सोडायचं हाय न्हवं मला?"